दोन गाणी आणि ऐकणारी माणसं: केरव्हिलच्या ‘न्यू फोक’ची गोष्ट

नव्या गाणाऱ्यांना मंच द्यायचा, यावर महोत्सव समितीच्या बैठकीत कधी वाद होत नाही. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर. वेळ कुठली द्यायची? खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठ वर्षं अशा समितीवर होते आणि आठही वर्षं उत्तर एकच निघालं: संध्याकाळी साडेपाच. त्या वेळी खुर्च्या मांडल्या जात असतात, साउंडवाला तारा ओढत असतो, पहिल्या रांगेतल्या सोफ्यांवर पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लागत असतात. एका वर्षी या सगळ्या गडबडीत एक मुलगा स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं अहिराणी गाणं गात होता. दुसऱ्या कडव्यावर आला तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. निवेदकाने पुढे होऊन माइक घेतला आणि दीपप्रज्वलनाची घोषणा केली. मुलगा गिटार काखोटीला मारून मागच्या पायऱ्यांनी उतरला.

त्या क्षणी यात काही चुकलं असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. रात्री घरी आल्यावर मला ते गाणं आठवेना. पुढच्या कडव्यात काय होतं ते तर कधी कळलंच नव्हतं. विहिरीवर मोट चालवणाऱ्या आजोबांबद्दल काहीतरी होतं, एवढंच डोक्यात राहिलं.

तेव्हापासून, हा साडेपाचचा प्रश्न इतरांनी कसा सोडवला ते मी शोधत आले आहे. ज्या एका प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळते ते आपल्याकडचं नाही. ते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या केरव्हिल नावाच्या गावचं आहे. तिथल्या लोकसंगीत महोत्सवात १९७२पासून ‘न्यू फोक’ नावाचा, नव्या गीतकारांसाठीचा उपक्रम चालतो. त्याची नियमावली अगदी साधी आहे. तरीही पन्नास वर्षांत त्यातून जी माणसं पुढे आली ती पाहिली की थांबून नीट बघावंसं वाटतं.

माणूस आणि जागा

महोत्सव उभा केला रॉड केनेडी यांनी. जन्म १९३०चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. पण आयुष्य टेक्सासमध्ये गेलं. मरीन दलात होते, कोरियाच्या युद्धात जाऊन आले. मोटारींच्या शर्यतींचं वेड होतं. ऑस्टिन शहरात त्यांनी अभिजात संगीताचं एफएम रेडिओ केंद्र चालवलं, लोकसंगीताचा एक छोटा क्लब चालवला आणि साठच्या दशकात झिल्कर पार्कमध्ये उघड्यावर उन्हाळी मैफली भरवल्या. त्यांना ओळखणारे सगळे एक गोष्ट सांगतात: गाणं चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे. लष्करी शिस्तीचा माणूस, श्रोत्यांनाही शिस्त लावायचा. मला यात या प्रकरणाचं अर्धं मर्म दिसतं. त्याकडे पुढे येते.

केरव्हिल हे सॅन अँटोनियोच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर, ग्वाडलूप नदीकाठचं गाव. चुनखडीच्या टेकड्या, ओक आणि सीडरची झाडं, मेंढ्यांची कुरणं. या भागाला ‘हिल कंट्री’ म्हणतात. १९७२मध्ये तिथे राज्यपातळीवरची हस्तकला जत्रा भरणार होती. तिच्या जोडीने संध्याकाळी गाणं असावं म्हणून १ ते ३ जून या तीन रात्री नगरपालिकेच्या १,२०० आसनांच्या सभागृहात पहिला महोत्सव झाला. श्रोत्यांत माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन होते. त्यांचं घर याच टेकड्यांत.

मंचावर त्या वर्षी कोण होतं ते पाहिलं की ‘प्रादेशिक’ या शब्दाचा केनेडींच्या डोक्यातला अर्थ कळतो. केनेथ थ्रेडगिल होते. ऑस्टिनच्या उत्तरेला त्यांचा पेट्रोल पंप होता. १९३३मध्ये दारूबंदी उठली तेव्हा जिल्ह्यातला बिअर विक्रीचा पहिला परवाना याच माणसाने काढला, आणि त्या पंपावर बुधवारी संध्याकाळी जो येईल त्याला गाऊ दिलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गाणाऱ्या विद्यार्थ्यांत पुढे रॉक गायिका म्हणून गाजलेली जॅनिस जॉप्लिन होती. मॅन्स लिप्सकूम होते. नॅव्हासोटाचे कृष्णवर्णीय शेतकरी, उभं आयुष्य दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबलेले. त्यांचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं तेव्हा वय साठीच्या पुढे गेलं होतं. गायिका कॅरोलिन हेस्टर होत्या, टेक्सासमधल्याच वेकोच्या. १९६१मध्ये त्यांच्या ध्वनिमुद्रणात हार्मोनिका वाजवायला आलेला बॉब डिलन नावाचा अनोळखी पोरगा निर्मात्याच्या नजरेत भरला आणि त्याचा करार झाला. एखाद्याच्या मैफलीत मागे बसायला मिळणं नव्या माणसासाठी काय ठरू शकतं, हे त्या मंचावरच्या लोकांनी स्वतः पाहिलं होतं.

त्याच पहिल्या वर्षी ‘पीटर, पॉल अँड मेरी’ या गायक त्रयीतले पीटर यारो केरव्हिलला आले होते. न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवाच्या संचालकांत ते होते आणि तिथे त्यांनी नव्या गायकांची सत्रं चालवली होती. तसं काही इथेही करा, असं त्यांनी केनेडींना सुचवलं. नाव तेच ठेवलं: न्यू फोक. म्हणजे महोत्सवाचा जम बसला, पैसा आला, मग नव्यांसाठी कोपरा काढला, असा हा क्रम नाही. नव्यांची सोय पायाभरणीतच झाली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही सोय दहाव्या-पंधराव्या वर्षी सुचते. तोपर्यंत चांगल्या वेळा मोठ्या नावांकडे गेलेल्या असतात, आणि मग साडेपाच उरतात.

दोन गाणी

आता प्रत्यक्ष रीत. अर्ज करणाऱ्याने स्वतः रचलेली दोन गाणी मुद्रित करून पाठवायची. शेकडो अर्जांतून अंतिम फेरीसाठी गीतकार निवडायचे. बरीच वर्षं हा आकडा ३२ होता. ते दोन दुपारी वाटून, एकामागून एक मंचावर येतात आणि दोन-दोन गाणी गातात. तीन परीक्षक, तिघेही स्वतः गाणी रचणारे. शेवटी सहा जणांची नावं जाहीर होतात. पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम नाही; सहाही सारखेच विजेते. हे सहा जण पुढे वीसेक मिनिटांची स्वतःची छोटी मैफल करतात.

यातली एकेक गोष्ट हातात घेऊन बघण्यासारखी आहे.

लिहिणाऱ्यानेच गायचं, ही पहिली. मराठी वाचकाला हे लगेच लक्षात येणार नाही, कारण आपल्या भावगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या परंपरेने तीन कामं तीन माणसांना वाटून दिली. कवी लिहितो, संगीतकार चाल लावतो, गायक गातो. १९५५मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाची छप्पन्न गाणी या वाटणीचं सर्वोच्च शिखर आहे: शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, गळे कितीतरी जणांचे. त्या वाटणीने आपल्याला अपार दिलं. पण तिच्यामुळे एक माणूस नजरेआड गेला: स्वतःचं म्हणणं स्वतःच्या चालीत, स्वतःच्या गळ्याने सांगणारा. त्याच्यासाठी आपल्याकडे जुना शब्द होता, शाहीर. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव, वस्त्यावस्त्यांत स्वतःची गाणी गात हिंडले. त्यांची किती गाणी लोकांच्या तोंडी आहेत आणि त्यांतली किती शहरी संगीत महोत्सवांच्या मंचावर कधी आली, याचा विचार केला तर आपल्या व्यवस्थेत कुठे भगदाड आहे ते दिसतं. केरव्हिलच्या नियमाने परीक्षकांना गळ्याच्या पलीकडे बघायला भाग पाडलं. आवाज खरखरीत असेल, सूर जरा डगमगेल, पण गाणं त्याचं आहे ना? शब्द आणि चाल एकमेकांना धरून आहेत ना?

दुसरी गोष्ट, गाणी दोन. एक गाणं कुणाचंही जमून जातं. एखादी आई गेली, एखादं घर सुटलं, त्यातून एक गाणं असं उतरतं की ऐकणारा हेलावतो. दुसरं गाणं सांगतं की या माणसाकडे नजर आहे की फक्त तो एक प्रसंग. आणि तिसरं लागत नाही. मी समितीवर असताना आमच्याकडे उलटं होतं: ज्याला द्यायचे त्याला वीस मिनिटं, पण तेवढ्यात चार वेळा व्यत्यय. मला आता वाटतं, शांततेत दिलेली आठ-दहा मिनिटं गोंगाटातल्या तासापेक्षा मोठी असतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. ही सत्रं होतात ती जागा म्हणजे थ्रेडगिल यांच्या नावाचा लहान मंच. मुख्य रंगमंच वेगळा आहे, मोठा आहे. इथे श्रोते जवळ बसतात. आणि ते अंतिम फेरी ऐकायलाच आलेले असतात. रात्री मोठं नाव आहे म्हणून आधी येऊन जागा धरलेली माणसं ती नव्हेत. एकही नाव ओळखीचं नाही आणि म्हणूनच आपण आलोय, अशी माणसं. केनेडींनी लावलेल्या शिस्तीचं फळ इथे दिसतं. न बोलता ऐकण्याची सवय मोठ्या नावांसाठी लागली होती, ती नव्यांच्या वाट्याला आपोआप आली. असा श्रोता एका वर्षात तयार होत नाही. जो महोत्सव मुख्य मैफलीतही लोकांना उठबस करू देतो, फोनवर बोलू देतो, त्याने नव्यांसाठी वेगळी शांत वेळ काढायची म्हटली तरी ती मिळणार नाही.

सभागृहातून कुरणात

पहिली दोन वर्षं सभागृहात झाली. १९७३ अखेर केनेडींनी केरव्हिलच्या दक्षिणेला चौदा-पंधरा किलोमीटरवर सुमारे साठ एकर जमीन घेतली, क्वाएट व्हॅली रँच, आणि १९७४पासून महोत्सव तिथे गेला. हा निर्णय पैशाच्या दृष्टीने अवघड होता. उघड्यावरचा महोत्सव म्हणजे पाऊस आला की तिकिटं बुडाली, आणि पाऊस बऱ्याच वर्षी आला. कर्ज केनेडींच्या मानेवरून कधी पुरतं उतरलं नाही. पण नव्या गीतकारांच्या बाजूने पाहिलं तर या स्थलांतराइतकं भल्याचं दुसरं काही घडलं नाही.

सभागृहाला रात्री कुलूप लागतं. कुरणाला लागत नाही. लोक तंबू घेऊन येऊ लागले, राहू लागले. महोत्सव तीन रात्रींचा होता तो वाढत वाढत अठरा दिवसांचा झाला. १९९६मध्ये, पंचविसाव्या वर्षी, पंचवीस दिवस चालला. फाटकात येणाऱ्याला ‘वेलकम होम’ म्हणण्याची तिथली रीत आहे: या, घरी आलात. मुख्य मंचावरचा कार्यक्रम संपला की तंबूतंबूंतून शेकोट्या पेटतात आणि गोल धरून गाणं सुरू होतं, ते पहाटेपर्यंत. या शेकोट्यांची स्वतःची नावं आहेत, स्वतःची रीतभात आहे, वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच जागी तंबू ठोकतात. मंचावर गायलेला नामवंत तिथे येऊन बसतो आणि त्याच्या शेजारी अंतिम फेरीत न निवडला गेलेला पोरगा बसतो. पाळी फिरते. तुझं झालं, आता माझं. दुपारी टेकडीवरच्या एका झाडाखाली, त्याला ‘बॅलड ट्री’ म्हणतात, कुणीही यावं आणि आपलं एक गाणं म्हणावं, अशीही बैठक असते.

म्हणजे अंतिम फेरीतून सहाच निवडले जातात हे खरं, पण बाकीचे रिकाम्या हाताने परतत नाहीत. त्यांना एक पंधरवडा मिळतो ज्यात त्यांच्यासारखीच, गाणं रचण्याच्या खटाटोपात आयुष्य घालणारी माणसं रात्रंदिवस भोवती असतात. लहान गावात गाणी लिहिणाऱ्याला सगळ्यात मोठी अडचण मंचाची नसते. त्याच्या गाण्यातला दुसऱ्या कडव्याचा तिसरा चरण लंगडा आहे, हे सांगणारा जाणता माणूस त्याला गावात भेटत नाही, ही ती अडचण. घरचे ‘छान’ म्हणतात, मित्र ‘यूट्यूबवर टाक’ म्हणतात. शेकोटीवर मात्र शेजारचा गीतकार म्हणतो, तो शब्द बदलून बघ.

स्पर्धेचं बक्षीस हे केरव्हिलचं खरं देणं नव्हे, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी. स्पर्धा हे लोकांना कुरणापर्यंत आणण्याचं निमित्त ठरलं.

तिघांची साखळी

एक उदाहरण तपशिलात बघू. नॅन्सी ग्रिफिथ ऑस्टिनमध्ये वाढली, बालवाडीत शिकवत होती आणि गाणी लिहीत होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती न्यू फोकची विजेती झाली. त्याच सुमाराला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्या लाइल लव्हेट नावाच्या मुलाने विद्यापीठाच्या वृत्तपत्रासाठी तिची मुलाखत घेतली. मुलगा स्वतःही गाणी लिहीत होता. त्याच गावात रॉबर्ट अर्ल कीन नावाचा दुसरा विद्यार्थी राहत होता. दोघं ओसरीवर बसून गिटार वाजवत आणि त्या ओसरीवरच दोघांनी मिळून एक गाणं रचलं. लव्हेट १९८२मध्ये न्यू फोकचा विजेता झाला, कीन १९८३मध्ये.

जिंकल्यावर लगेच काय झालं? जवळजवळ काहीच नाही, आणि हे नव्यांना मंच देणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावं. लव्हेट १९८३मध्ये युरोपातल्या लक्झेंबर्गच्या एका जत्रेत गायला गेला. तिथे त्याला ॲरिझोनाहून आलेला एक वाद्यवृंद भेटला, आणि त्यांच्या साथीने त्याने नमुन्याचं ध्वनिमुद्रण केलं. ती कॅसेट टेक्सासचेच ज्येष्ठ गीतकार गाय क्लार्क यांच्या हाती पडली; लव्हेटला ते ओळखतही नव्हते, पण गाणी ऐकून त्यांनी ती नॅशव्हिल या संगीतव्यवसायाच्या शहरात ज्याला त्याला ऐकवली. पहिली तबकडी निघाली १९८६मध्ये, म्हणजे केरव्हिलनंतर चार वर्षांनी. दरम्यान ग्रिफिथने १९८४च्या आपल्या तबकडीत लव्हेटचं गाणं घेतलं आणि त्याला गायलाही बोलावलं. कीनने त्याच वर्षी स्वतः पैसे उभे करून पहिली तबकडी काढली.

या चार वर्षांत केरव्हिलचं काम काय होतं? साखळीची पहिली कडी एवढंच. पुढच्या कड्या गीतकारांनीच एकमेकांसाठी जोडल्या. पण त्या जोडणारे सगळे टेक्सासचे, एकमेकांच्या गाण्यांतली गावं, नद्या, रस्ते ओळखणारे. ‘प्रादेशिक’ असण्याचा उपयोग मला इथे दिसतो. नातं इतकं जवळचं असतं की एक जण पुढे गेला की दुसऱ्याचं गाणं बरोबर घेऊन जातो.

१९७९ची विजेती टिश हिनोहोसा मला या यादीत सगळ्यात जवळची वाटते. सॅन अँटोनियोची, मेक्सिकोहून आलेल्या आईवडिलांचं तेरावं अपत्य. ती इंग्रजीत लिहिते आणि स्पॅनिशमध्येही. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी. खानदेशात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. आई अहिराणीत बोलते, शाळा प्रमाण मराठीत शिकवते, आणि गाणं कुठल्या भाषेत लिहायचं हे ठरवण्यातच पोराची दोन वर्षं जातात.

जिथे हे कमी पडलं

केरव्हिलच्या प्रेमात पडून लिहिण्याचा धोका मला कळतो, म्हणून दुसरी बाजूही स्पष्ट मांडते.

नाव झालं तशी क्षेत्राची सीमा पुसली गेली. १९८४च्या विजेत्यांत जॉन गोर्का होते. वाढले न्यू जर्सीत, घडले पेन्सिल्व्हेनियातल्या एका कॉफीहाउसमध्ये. त्यानंतर देशभरातून अर्ज येऊ लागले. याने दर्जा उंचावला, पण टेक्सासच्या एखाद्या आडगावच्या गीतकाराला आता साऱ्या देशाशी झुंजावं लागलं. उलट बाजूही आहे. स्लेड क्लीव्ह्ज मेन राज्यातून १९९१च्या सुमाराला ऑस्टिनला येऊन राहिले आणि १९९२मध्ये न्यू फोक जिंकले. मग इथलेच झाले. महोत्सवाने प्रदेशाला नवी माणसं दिली. तरीही माझा कौल असा की सहांपैकी निदान दोन जागा त्या मातीतल्यांसाठी राखून ठेवायला हव्या होत्या.

भाषेचं आणि वाद्यांचं दुखणं याहून खोल आहे. दक्षिण टेक्सासची एक मोठी परंपरा म्हणजे कोन्हुंतो: जर्मन स्थलांतरितांकडून आलेला अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो हे गिटारसारखं मेक्सिकन वाद्य यांच्या जोडीवर उभं असलेलं स्पॅनिश गाणं. ते केरव्हिलपासून दोन तासांच्या आत घराघरांत वाजतं. पण न्यू फोकच्या विजेत्यांची यादी वाचली तर गिटार आणि इंग्रजी यांचंच वर्चस्व दिसतं. हिनोहोसा अपवाद ठरते. १९८२मध्ये सॅन अँटोनियोत ग्वाडलूप सांस्कृतिक केंद्राने कोन्हुंतोचा स्वतंत्र महोत्सव सुरू केला आणि ते संगीत तिथे बहरलं. ‘सर्वांना खुलं’ असं लिहिल्याने दार सर्वांना उघडं होत नाही. अर्जाची भाषा, परीक्षकांचे कान, नमुन्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च, पंधरवडाभर काम सोडून राहण्याची ऐपत, या सगळ्या चाळण्या आहेत आणि त्या न बोलता काम करतात. मॅन्स लिप्सकूम यांना पहिल्या वर्षी आवर्जून बोलावून आणलं होतं. अर्ज मागवला असता तर तो शेतकरी कुठून अर्ज करणार? बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. त्या माउलीनेही कुठे अर्ज केला नसता.

पैशाचं मी वर सांगितलंच. १९९९मध्ये केनेडींनी महोत्सव विकला, २००२मध्ये ते निवृत्त झाले, २०१४च्या एप्रिलमध्ये गेले. पुढे तो टेक्सास फोक म्युझिक फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आला. एका माणसाच्या हट्टावर उभं राहिलेलं काम त्याच्यामागे टिकलं याचं एक कारण मला दिसतं ते तंबूवाले लोक. २०२०मध्ये साथीमुळे महोत्सव झाला नाही, २०२१मध्ये तो ऑक्टोबरमध्ये घेतला, आणि लोक आले. तिकीट काढून दोन तास बसून गेलेला श्रोता असा परत येत नाही. ज्याने त्या कुरणात पंधरा उन्हाळे काढले तो येतो.

आमच्याकडे

मी समिती सोडली होती, पण गेल्या हिवाळ्यात आताच्या अध्यक्षांनी, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, बोलावून घेतलं. ‘ताई, एक संध्याकाळ तुमच्याकडे. कशी करायची ते सांगा.’ मी तीनच गोष्टी मागितल्या. महोत्सवाच्या मधल्या दिवसाची रात्रीची साडेआठची वेळ. सत्कार, भाषण, दीपप्रज्वलन यांतलं काही मध्ये नको. आणि गाणं चालू असताना मांडवाच्या दाराशी दोन कार्यकर्ते उभे राहतील, येणाऱ्याला गाणं संपेपर्यंत थांबवतील.

अर्ज मागवले नाहीत. दोन शिक्षक, एक भजनी मंडळाचे बुवा आणि मी, असे चौघं तीन महिने फिरलो. सहा जण निवडले. तीन अहिराणीत लिहिणारे, एक लेवा गणबोलीत, एक मराठीत, आणि सातपुड्याच्या पायथ्याची पावरी बोलणारी एक मुलगी. अहिराणी गाण्यांचा आज यूट्यूबवर मोठा बाजार आहे, हळदीत आणि वरातीत ती दणाणतात. पण या तिघांची गाणी नाचायची नव्हती आणि म्हणून ती कुणी वाजवलीही नव्हती. प्रत्येकी दोन गाणी ठरली. पावरी गाण्याआधी तिच्या भावाने चार ओळींत मराठीत अर्थ सांगितला. क्रमांक काढले नाहीत, मानधन सहाही जणांना सारखं दिलं.

आदल्या रात्री मांडवात चारशेवर माणसं होती, त्या रात्री दीडशेच्या आसपास. नानांचा चेहरा उतरला होता. दारावरच्या कार्यकर्त्यांचं दोनदा भांडण झालं, एकदा तर गावातल्या वजनदार माणसाशी. तो निघून गेला आणि त्याची वर्गणी पुढच्या वर्षी येणार नाही हे तिथेच ठरलं. ध्वनिव्यवस्था तमाशाच्या फडाला पुरेल एवढी मोठी होती आणि एकट्या गळ्याला ती सोसत नव्हती. पहिल्या दोघांचे शब्द नीट कळले नाहीत. पुढच्या वेळी लहान मंच आणि लहान स्पीकर घ्यायचे.

मोटेचं गाणं गाणाऱ्या त्या पहिल्या मुलालाही मी शोधून फोन केला होता. तो आता सुरतेला कामाला आहे. येतो म्हणाला, पण आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की सुट्टी मिळाली नाही, आणि ते गाणं त्याने कधीच पुरं केलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बुवांच्या शेतावर भरीत ठेवलं होतं. आमच्याकडे थंडीत तशी रीतच आहे: पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी. सहाही जण आले, त्यांच्या घरचे आले, दीडशेतले तीसेक श्रोते आले. जेवणं झाली तरी जाळ विझू दिला नाही. बुवा सत्तरीचे, आयुष्यभर अभंग म्हटलेले. ते त्या पावरी मुलीशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, ‘बेटा, ते दुसरं गाणं परत म्हण. अर्थ नको सांगू, नुसतं म्हण.’ तिने म्हटलं. बुवांनी पखवाज मागवला, तिसऱ्यांदा म्हणायला लावलं आणि ठेका धरता धरता एका जागी हात थांबवून विचारलं, इथे तू श्वास घेतेस तो मुद्दाम, की सवयीने?

ती म्हणाली, मुद्दाम. तिथे डोंगर येतो.